उंच छपराची ओम्नी

उभ्या आयुष्यात एकदाही कायदा न मोडलेल्या माणसांची गोव्यात शिरगणती झाली, तर माझं नाव पहिल्याच पानावर येईल, असं मी अगदी गंभीरपणे मानत आलो. ह्या श्रद्धेच्या मुळाशी सद्गुण वगैरे काही नाही. कायदा मोडायला जी किमान हिंमत लागते ती माझ्यात नाही, एवढंच. मी रिकाम्या रस्त्यावरही वळताना सिग्नल देतो. समोर पोलीस दिसला की काहीही केलेलं नसताना माझा चेहरा असा होतो, की त्याला मला अडवावंसं वाटावं. पेडण्याच्या एका उच्च माध्यमिक विद्यालयात मी अर्थशास्त्र शिकवतो. मागणी आणि पुरवठा ह्यांच्यापलीकडच्या कुठल्याही झगड्यात मी पडलेलो नाही. अशा माणसाला यंदाच्या पावसाळ्यात वाहतूक पोलिसांनी इतक्या वेळा बाजूला घेतलं, की नाक्यावरचा कुत्रासुद्धा माझी गाडी पाहून भुंकायचा कंटाळा करू लागला.

कारण गणपती.

आमच्या घराण्याचा गणपती इब्रामपूरला बसतो. तिथे सुलोचनाकाकी आणि तिचा मुलगा सगुणदादा राहतात. आम्ही बाकीचे चुलतभाऊ नोकऱ्यांपाठी पांगलो आहोत आणि चवथीपुरते परत भाऊ होतो. मुळगावच्या मूर्तिकाराकडून गणपती घरी आणायचा मान दर वर्षी एकाचा, पाळीपाळीने. त्याचे नियम दोनच. गणपती घरच्या गाडीतून यायचा, भाड्याच्या नव्हे. आणि एकदा का तो चित्रशाळेतून निघाला, की घराच्या दारापर्यंत वाटेत कुठेही थांबायचा नाही. नियम मोटारी येण्याआधीपासूनचे आहेत असं काकी सांगते. मोटारी येण्याआधी मोटारीचा नियम कसा झाला, हे विचारायची सोय आमच्या घरात नाही.

माझ्या मागच्या पाळीला गणपती माझ्या मांडीवर होता, मी आमच्या जुन्या ओम्नीच्या मागच्या सीटवर होतो, आणि अस्नोड्याच्या पुढे एक गतिरोधक होता. आम्ही सगळे एकदम वर गेलो. खाली येताना मुकुटाचं टोक आमच्याबरोबर आलं नाही. सगुणदादाने ते एमसीलने चिकटवलं, वर सोनेरी रंग लावला, आणि तेव्हापासून दर चवथीला पंगतीत तो कुणातरी नव्या जावयाला सांगतो, "अनंतान हाडिल्लो तो गणपती तुमी पळोवंक ना मगो? टोपी काडून आयिल्लो." पंगत हसते. मीही हसतो. पायसाची वाटी पुढे गेलेली असते ती मला दिसत नाही.

यंदा पाळी पुन्हा माझ्यावर आली आणि काकीचा फोन आला. "अनंता, जमता जाल्यार सांग. ना जाल्यार सगुण हाडटलो. ताचेकडे पिकअप आसा."

काकी अगदी प्रेमाने बोलली. पण आमच्याकडे एकदा सोडलेली पाळी परत येत नाही. आमच्या धाकट्या काकांनी एका वर्षी कावीळ झाली म्हणून पाळी सोडली, ती त्यांच्या मुलांनाही मिळाली नाही. तेव्हा प्रश्न सरळ होता. गणपती माझ्या ओम्नीतून, वाटेत न थांबता, मुकुटासकट घरी पोचला तर मी ह्या घरातला भाऊ. नाहीतर मी ह्या घरी चवथीला जेवायला येणारा एक मनुष्य.

हा प्रश्न मी शेजारच्या श्रीनाथपुढे बोललो, ही चूक. श्रीनाथ पूर्वी खाणीवर डंपरांची देखरेख करायचा. खाण बंद पडली, देखरेख राहिली. आता ती आमच्या वाड्यावर चालते. त्याने ओम्नीभोवती एक फेरी मारली आणि मागच्या टायरला लाथ घातली. टायरचा ह्यात काय संबंध ते कळलं नाही, पण कशाला तरी लाथ घातल्याशिवाय त्याला मत सुचत नाही.

"छप्पर वाढय," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"काप आनी वयर कर. गणपती आरामात बसतलो. तूंय बसतलो."

"कायद्याने चालतं का असं?"

"गोंयांत कोण पळयता सर? ती तांबडी जीप पळय. तिची चाकां घराभायर आनी इंजिन घरांत."

त्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. आमच्याकडे गाडी कारखान्यातून आली तशी चालवणं हे अकर्तृत्वाचं लक्षण मानतात. पोरगा नोकरीला लागला की पहिला सायलेन्सर काढून टाकतो, कारण आपण येतोय हे पुढच्या गावाला अगोदर कळायला हवं. जीप घेणारा तिला इतके दिवे लावतो, की हा आता मुरगाव बंदरात बोटी लावून देणार असं वाटावं. आणतो तो फक्त म्हापशाच्या बाजारातून कोंबडी. काचा काळ्या, चाकं मडगार्डच्या बाहेर, मागे 'आईचा आशीर्वाद', आणि आई बसथांब्यावर उभी, कारण एवढ्या उंच सीटवर तिला चढता येत नाही. ह्या जमातीकडे मी आजवर निखळ तुच्छतेने पाहत आलो होतो. पण माझं काम वेगळं होतं. माझं काम धार्मिक होतं. धार्मिक काम बेकायदा असू शकत नाही अशी आपली एक राष्ट्रीय समजूत आहे, आणि मीही ह्याच राष्ट्रातला.

माझी बायको विनोदिनी हिने एवढंच विचारलं, "आधी कुठे विचारायला नको?"

"श्रीनाथ म्हणतो, विचारलं की नाही म्हणतात."

"मग त्याला म्हणावं, आधी आपल्या गाडीचं छप्पर काप."

श्रीनाथकडे गाडी नाही. सल्लागारांकडे ती नसतेच.

डिचोलीला योगेशचं वेल्डिंगचं दुकान आहे. मूळचा दोडामार्गचा, बोलायला मोकळा, आणि जगातली प्रत्येक वस्तू आधी कापून मग जोडता येते ह्यावर त्याचा ठाम विश्वास. "गाडी म्हंजे काय सर, पत्रोच तो," तो म्हणाला. "पत्र्याक काय भियाचा?" त्याने गणपतीची उंची विचारली नाही. हवेत हात वर करून एक रेघ ओढली आणि म्हणाला, "इतक्या पुरे?" मी गतिरोधक आठवून म्हणालो, थोडं आणखी. त्याने हात आणखी वर केला. तो हात त्याने परत खाली आणल्याचं मला पुढे कुठे दिसलं नाही.

गाडी आणायला गेलो तेव्हा मी आधी तिच्या शेजारून पुढे निघून गेलो. ओम्नी मुळातच पावाच्या लादीसारखी दिसते. तिच्यावर आता दुसरी लादी ठेवलेली होती, किंचित डावीकडे झुकलेली. कपाळ सरळ वर गेलेलं. अंग पांढरं आणि वरचा भाग प्रायमरने लालभडक, जणू गाडीला ताप आला आहे.

"रंग?" मी विचारलं.

"रंग काय, कदीय मारतंव. आधी देवाक बसान बगू दे."

वाऱ्याची झुळूक आली की गाडी दुसऱ्या लेनचा विचार करू लागे. आमची मुलगी गौरवी म्हापशाला कॉलेजात जाते. तिने खिडकीतून एकदा पाहिलं आणि म्हणाली, "बाबा, मी बसने जाते." ती त्या दिवसापासून बसने गेली. गेली म्हणजे आनंदाने गेली, ते जास्त लागलं.

पहिल्याच सकाळी पेडण्याच्या बाजारात मी गाडी लावली तर एक बाई पिशवी घेऊन मागच्या दाराशी येऊन उभी राहिली. "चार उंडे दी," म्हणाली. मी पोदेर नाही, माझ्याकडे पाव नाहीत, हे मी तिला समजावत होतो तोवर तिच्यामागे आणखी दोघं रांगेला लागले.

"संपले?" त्यातल्या एकाने विचारलं.

"नव्हतेच."

"पोरनो पोदेर बरो आसलो," तो बाईला म्हणाला. "हो वेळार येना आनी वयर कडक उलयता." वीस-पंचवीस वर्षं खडूची धूळ खाऊन मी ह्या गावात जी काही प्रतिष्ठा जमवली होती, ती जुन्या पोदेराच्या खाली जाऊन बसली.

हेही पचवलं असतं. पण त्याच आठवड्यात पुलापलीकडच्या नाक्यावर एक हात वर झाला. हात वाहतूक शाखेच्या उपनिरीक्षकाचा होता. नाव देवेश, वय कोवळं, इस्त्री कडक. तो गाडीभोवती सावकाश फिरला. लाथ मारली नाही. मला तेवढ्यानेही बरं वाटलं. मी धीर करून म्हणालो, "तू आमच्या विद्यालयात होतास ना?"

"आसलों सर. सायन्साक."

सायन्सवाल्यांनी मला कधीच मानलं नाही.

"हें वयर कितें?" त्याने विचारलं.

"छप्पर."

"तें दिसता. भितर कितें आसा?"

"हवा."

ह्या उत्तराने त्याचा संशय पक्का झाला. महाराष्ट्राची हद्द जवळ. इथली दारू पलीकडे न्यायला लोक गाड्यांत चोरकप्पे करतात हे मीही वर्तमानपत्रात वाचलेलं, पण ती बातमी आपल्या डोक्यावरच्या पत्र्याला लागू पडेल असं वाटलं नव्हतं. देवेशने एका शिपायाला वर चढवलं. शिपायाने छप्पर टिचकीने वाजवलं, कान लावला, जरा पुढे सरकून पुन्हा वाजवलं. कलिंगड घेणारा माणूस असतो तसा. तेवढ्यात माझ्या बारावीच्या मुलांची बस तिथून गेली. एरवी ती बस त्या वळणावर कधी हळू होत नाही.

"हे गणपतीसाठी आहे," मी म्हणालो.

"गणपती खंय आसा?"

"चवथीला आणणार."

"सर, अजून आषाढ चलता."

त्याने चलन फाडलं, पण शब्द मऊ वापरले. "वायट दिसून घेवं नाकात. आरसीचेर एक गाडी आसा आनी हांगां दुसरीच उबी आसा. परवानगी हाडात, ना जाल्यार छप्पर काडात. चवथीक अशीच आयलात जाल्यार माका तुमची गाडी राववची पडटली."

म्हणजे गणपती नाक्यावर उभा. इब्रामपूरच्या पंगतीत ह्या वाक्याचं काय होईल ते मला तिथेच ऐकू आलं. मोडका मुकुट पुसला जाईल असं मी धरून चाललो होतो. त्याच्या जागी गणपतीला पोलिसांनी धरल्याची कथा येणार होती, आणि ती माझ्यानंतरही टिकली असती.

मी परवानगी आणायला वाहतूक कार्यालयात गेलो. तिथल्या अधिकारी पल्लवी मॅडम. त्यांनी माझं सगळं म्हणणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. सरकारी कार्यालयात ही फार धोक्याची खूण असते.

"बदल करायच्या आधी अर्ज करायचा असतो," त्या म्हणाल्या.

"बदल झालाय."

"मग गाडी आधी होती तशी करून आणा. आम्ही तपासू. मग बदलाचा अर्ज करा."

"म्हणजे उंच छपराची परवानगी मागायला मी आधी उंच छप्पर उतरवायचं?"

"हो."

"आणि मिळाली की परत कापायचं?"

"मिळाली तर."

हे इतकं तर्कशुद्ध होतं की मला वाद घालायला जागाच मिळेना. नियम मूर्खपणाचा असता तर मी बोललो असतो. मूर्खपणा माझ्याकडे होता, आणि तो बाहेर गाडीच्या जागेत लाल रंगात उभा होता. मॅडमनी पेन उघडलं. "वापर काय लिहायचा? उंच छप्पर रुग्णवाहिकेला चालतं. शववाहिकेला चालतं."

"गणपतीला?"

"गणपती कुठल्या सदरात घालू, तुम्हीच सांगा."

त्या खरंच विचारत होत्या. शेजारच्या टेबलावरच्या कारकुनाला माझी दया आली असावी. तो म्हणाला, "शववाहिका सोपी जाईल. तिला आत काही बसवावं लागत नाही."

गणपती शववाहिकेतून दारात उतरला असता तर सुलोचनाकाकीने मला त्याच गाडीतून, तिच्या योग्य वापरासाठी, परत पाठवलं असतं. रुग्णवाहिकेचं घरी विचारून सांगतो, असं म्हणून मी उठलो.

घरी विचारायच्या आधी मी ते श्रीनाथला सांगितलं. का सांगितलं, ह्याचा शोध मी अजून घेतो आहे. संध्याकाळपर्यंत अनंत सर रुग्णवाहिका काढतायत ही बातमी वाड्याच्या टोकाला पोचली, आणि तिथून वळून माझ्याकडे आली. एका पंचसदस्याचा फोन आला. सेवेचं उद्घाटन त्याच्या हस्ते व्हावं आणि गाडीच्या बाजूला त्याच्या दिवंगत वडिलांचं नाव घालावं, एवढीच त्याची अपेक्षा होती. एकाने सायरन आहे का विचारलं. नाही म्हटल्यावर तो म्हणाला, "मागीर पेशंटाक कळटलें कशें, तो सिरियस आसा तें?"

दुसऱ्या दिवशी सकाळी श्रीनाथची वहिनी मालती माझ्या गाडीत बसलेली मला आढळली. शेजारी पिशवी, पिशवीत थर्मास.

"वहिनी, काय झालं?"

"धोंपर दुखता. म्हापशां डॉक्टराक दाखोवंक जाय. श्रीनाथान सांगलां, सर व्हरतले."

दुखरा गुडघा घेऊन बसलेल्या बाईला उतर म्हणण्याइतका कायदेशीर मी अजून झालेलो नव्हतो. निघालो. वाटेत ती छपराची स्तुती करत होती. डोक्यावर एवढी मोकळी जागा तिला तिच्या सासरीसुद्धा मिळाली नव्हती. नाक्यावर देवेश होताच.

"सर, आतां कितें?"

मी उत्तर जुळवत होतो तोवर मालतीवहिनीने खिडकीतून तोंड काढलं आणि मोठ्या अभिमानाने सांगितलं, "सरांची नवी ॲम्बुलन्स. हांव पयली पेशंट."

देवेशने माझ्याकडे पाहिलं. आतापर्यंत मी विनापरवाना छप्पर वाढवलेला एक मास्तर होतो. आता मी विनापरवाना रुग्णसेवाही करत होतो. त्याने वहिनीला जाऊ दिलं, म्हणजे गाडीला जाऊ दिलं, आणि माझ्या खिडकीशी वाकून हळूच म्हणाला, "सर, चवथ लागीं पावली." चलन त्याने येताना दिलं. पेशंटसमोर नको म्हणून.

छप्पर उतरवायचं ठरलं. मी योगेशकडे गेलो आणि म्हणालो, जुनं छप्पर परत बसव.

"जुना?" योगेशने कानामागची विडी काढून न पेटवता परत ठेवली. "जुना खय ऱ्हवता सर? ता गेला."

"कुठे गेलं?"

"मुळगावच्या यशोदाबायक दिलंय. तिका कोंबड्यांच्या खुराड्यार घालूक पत्रो व्हयो होतो. बरो बसलो. मापाचो."

आपल्या गाडीचं छप्पर मुळगावातल्या कोंबड्यांना मापाचं आहे, ही माहिती मला नको होती. आम्ही दोघं यशोदाबाईंकडे गेलो. माडांच्या मुळाशी खुराडं, वर माझं पांढरं छप्पर, छपरावर एक कोंबडा. त्याने आमच्याकडे जसं पाहिलं तसं मला फक्त सायन्सचा विभागप्रमुख पाहतो.

"पत्रो दिवचो ना," यशोदाबाई म्हणाल्या. "माज्यो कोंबड्यो भिजतल्यो."

"पण तो माझ्या गाडीचा आहे."

"तुमी गाडी छपराबगर हाडल्या?"

"नाही, गाडीला दुसरं छप्पर आहे."

"मागीर? एके गाडयेक दोन छपरां कित्याक?"

मी अर्थशास्त्र शिकवतो. वस्तुविनिमय हा प्रकार पैशाचा शोध लागण्यापूर्वीचा, असं दर वर्षी फळ्यावर लिहून देतो. त्या दुपारी मुळगावात तो पुन्हा सुरू झाला. उंच छप्पर कोंबड्यांना, जुनं गाडीला. यशोदाबाईंनी उंच छप्पर आधी पाहायला मागितलं, म्हणून योगेशने ते कापून आणलं. मग ते उलटं करून पाहिलं, हाताने वाजवलं, आणि थोडा वेळ घेतला. आपल्याला त्याची गरज आहे असं समोरच्याला दिसू नये म्हणून. शेवटी म्हणाल्या, "लाल रंग माका नाका. पांढरो मारून दियात." तो योगेशने मारून दिला. माझ्या गाडीला जो रंग महिनाभर मिळाला नव्हता, तो कोंबड्यांना तासाभरात मिळाला.

ओम्नीचं मूळ छप्पर तिच्यावर परत जोडलं गेलं. पल्लवी मॅडमनी गाडी चहूबाजूंनी तपासली आणि मूळ स्थितीत असल्याची नोंद केली. "आता बदलाचा अर्ज करा," त्या म्हणाल्या. "निर्णय चवथीनंतर येईल."

"राहू दे," मी म्हणालो.

"मग काही प्रश्नच नाही. गाडी कायदेशीर आहे."

मी सही केली. इतका खटाटोप करून माझ्याकडे आता अगदी तीच गाडी होती जी खटाटोपाच्या आधी होती; भर एवढीच, की चारी बाजूंनी वेल्डिंगची एक कड होती आणि पाऊस आला की ती चालवणाऱ्याच्या मानेवर गळायची.

पण गणपतीचा मुकुट, गतिरोधक आणि मी, हे तिघे आपापल्या जागी होतो. श्रीनाथने सुचवलं, "गणपतीक खाला पांयांकडे बसय." त्याला विनोदिनीने चहाला न विचारता घरी पाठवलं. शेवटी मी मागच्या सीटची गादी काढून टाकली आणि उघड्या लोखंडी चौकटीवर एक गोधडी दुमडून घातली. जी उंची मला कायद्याकडून मिळाली नाही, ती मी माझ्या बुडाखालून काढली.

चवथीच्या आदल्या दिवशी आम्ही मुळगावला गेलो. गौरवी गाडी चालवायला तयार झाली, कारण आता ती गाडी चारचौघांत दाखवण्यासारखी होती. विनोदिनी पुढे. मी मागे, गोधडीवर. मूर्तिकाराने फडक्याने झाकलेला गणपती माझ्या मांडीवर ठेवला. हलका वाटला. श्रद्धेने वजन कमी होतं असं कीर्तनांतून ऐकलं होतं. मी डोळे मिटले आणि एक हात फडक्यावरून मुकुटावर पालथा धरला. छपराला काही लागलंच, तर आधी माझी बोटं लागू देत.

अस्नोडा आलं. गतिरोधक आला. आम्ही सगळे वर गेलो आणि सगळे खाली आलो. बोटं कुठेच लागली नाहीत. मी मनातल्या मनात गोधडीची पाठ थोपटली.

मग पुलापलीकडे देवेशचा हात वर झाला.

"बाबा, थांबू?" गौरवीने विचारलं.

"थांबायचं नाही," विनोदिनी म्हणाली.

"पोलीस आहे, आई."

"गणपती आहे, गौरवी."

गौरवीने गाडी इतकी हळू केली, की थांबली म्हणता येऊ नये आणि चालली म्हणता येऊ नये. देवेशने फडकं पाहिलं आणि त्याला सगळं समजलं. तोही शेवटी इथलाच. "राववूं नाकात," तो म्हणाला. "ल्हव ल्हव चलयात. हांव येतां." आणि तो आमच्या खिडकीबरोबर चालू लागला. मागे शिपाई. त्याच्यामागे हॉर्न वाजवणाऱ्या गाड्यांची रांग, तीत दिव्यांनी मढवलेली एक जीप. तिला कोणी बाजूला घेत नव्हतं.

"छप्पर मूळचें?" त्याने चालता चालता विचारलं. मी मोकळ्या हाताने कागदांची फाइल खिडकीतून बाहेर दिली. तो चालत वाचू लागला. एका खड्ड्यात त्याचा पाय गेला, पण पान सुटलं नाही. "बरें. हें बरें आसा." मग त्याची नजर आत आली. "सीटीची गादी खंय आसा सर?"

"घरी."

"आरसीचेर..."

"चवथीपुरतीच काढलीय."

तो खिडकीत आणखी वाकला. "बेल्ट?"

"लावला तर देवाच्या पोटावर येतो."

"देवाक बेल्टाची सक्ती ना," तो विचारपूर्वक म्हणाला. "तुमकां आसा."

गौरवी पुढून हसू दाबत होती. गाडीबरोबर तिचे खांदे हलत होते. माझ्या कपाळावर घाम, मांडीवर देव, आणि खिडकीत कायदा चालत येतोय, अशी माझी अवस्था. देवेशने फाइल परत दिली, टोपी काढून काखेत धरली, आणि चालता चालताच फडक्याला हात जोडले. "चवथ जाली की सवडीन येयात," तो म्हणाला आणि मागे राहिला. गाडी थांबली नव्हती. विनोदिनीने तसं मोठ्याने म्हणून दाखवलं, उद्या साक्ष लागली तर असावी म्हणून.

इब्रामपूरला दारात पायांवर पाणी घातलं, ओवाळलं. मी गणपती फळं-नारळ टांगलेल्या माटोळीखाली नेऊन ठेवला आणि बाजूला झालो. काकीने फडकं काढलं. मुकुट टोकापर्यंत शाबूत. मी सगुणदादाकडे पाहिलं, त्याने मुकुटाकडे पाहावं म्हणून. मुकुटाकडे कोणीच पाहिलं नाही. काकीने हार घेतला आणि स्टूल न घेता, टाचा न उचलता, सरळ गणपतीच्या गळ्यात घातला.

"बरो हाडलो, अनंता," ती म्हणाली. "औंदां ल्हान करूंक सांगिल्लो. माजो हात पावना आतां."

"कधी सांगितलंस?"

"मूर्ती करूंक पाट धाडलो तेन्नाच. सगुण व्हरून गेल्लो मगो."

सगुणदादा माटोळीच्या नारळांच्या गाठी तपासू लागला.

पाट मुळगावला गेला तो मे महिन्यात. छप्पर आम्ही जूनमध्ये कापलं.